फ्लशनंतरचा हिशेब: मुंबईच्या मलनिःसारणाचा पैसा येतो कुठून आणि जातो कुणाला

सोसायटीचं पाण्याचं बिल आलं की मी आधी दुसरी ओळ बघतो. पहिली ओळ पाण्याची. दुसरी मलनिःसारण आकाराची, म्हणजे वापरून झालेलं पाणी आपल्या दारातून उचलून नेण्याची. मुंबईत ही दुसरी रक्कम पहिलीच्या ७० टक्के असते. शंभर रुपयांचं पाणी घरात आलं, तर ते परत न्यायचे सत्तर रुपये. आमच्या वार्षिक सभेत लिफ्टच्या देखभालीवर तासभर चर्चा होते, पण या ओळीवर कधी कुणी बोट ठेवलेलं मला आठवत नाही. सहा वर्षं खजिनदार म्हणून हिशेब लिहिताना मात्र ती ओळ मला सोडवेना, आणि तिच्या मागे लागून जे कळलं ते इथे सांगतो आहे.

आधी आपल्या खिशापासून सुरुवात करू. साठ घरांची सोसायटी धरा, घरटी रोज ६०० लिटर पाणी. महिन्याचे झाले १०,८०,००० लिटर. २०२२ च्या दरवाढीनंतर निवासी इमारतींचा दर हजार लिटरला ६ रुपये ३६ पैसे झाला. त्या दराने पाण्याचे साधारण ६,८७० रुपये होतात, आणि त्याच्या ७० टक्के म्हणजे ४,८०० रुपयांच्या आसपास मलनिःसारणाचे. साठ घरांत वाटा, घरटी महिन्याला ८० रुपये. रोजचे अडीच-पावणेतीन रुपये. एवढ्यात आपली आंघोळ, धुणं, भांडी आणि संडास, सगळ्याचं पाणी चोवीस तास, बारा महिने शहराबाहेर जातं. दुकानं, हॉटेलं, कारखाने यांचा दर घरगुती दराच्या कितीतरी पट आहे, आणि मलनिःसारणाचा आकारही त्याच पटीत वाढतो. घराघरातल्या स्वस्ताईचा बराचसा भार तिथे उचलला जातो.

दुसरा पैसा मालमत्ता कराच्या बिलातून येतो. त्या बिलावर सर्वसाधारण कराखाली ‘मलनिःसारण कर’ आणि ‘मलनिःसारण लाभ कर’ अशा दोन जवळजवळ सारख्या नावांच्या ओळी असतात, आणि बहुतेक जण इथेच गोंधळतात. ज्याच्याकडे पाण्याचं मीटर आहे त्याला मलनिःसारण कर लागत नाही, कारण तो वापराप्रमाणे आकार भरतोच. लाभ कर मात्र लागतो. वाहिन्या, पंपिंग स्टेशनं, प्रक्रिया केंद्रं ही सगळी यंत्रणा उभी राहिल्याचा लाभ मालमत्तेला मिळतो, त्याचा हा कर. २०२२ पासून मुंबईत ५०० चौरस फुटांपर्यंतच्या घरांना मालमत्ता कर माफ झाला, तेव्हा त्या घरांचा हा लाभ करही गेला. माफी योग्य की अयोग्य यावर मतं वेगळी असू शकतात, पण मलनिःसारणाच्या हिशेबात त्याने एक भोक पडलं आणि ते दुसरीकडून भरावं लागतं, हे मान्य केलंच पाहिजे.

हा सगळा पैसा महापालिकेच्या मोठ्या हौदात मिसळत नाही. मुंबई महापालिकेच्या अर्थसंकल्पात पाणीपुरवठा आणि मलनिःसारण यांचा भाग वेगळा ठेवलेला असतो, त्याला ‘ग’ अर्थसंकल्प म्हणतात. १९७० च्या दशकात जागतिक बँकेच्या कर्जातून पाण्याची आणि मलनिःसारणाची मोठी कामं सुरू झाली, त्या काळापासूनची ही वेगळी चूल आहे. इथे एक गल्लत हमखास होते. पावसाळ्याआधी गाजणारी नालेसफाई या हिशेबात येत नाही. नाले आणि रस्त्याकडेची गटारं पावसाचं पाणी वाहून नेण्यासाठी असतात, त्यांचं खातं पर्जन्य जलवाहिन्यांचं, आणि त्याचा पैसा ‘अ’ अर्थसंकल्पातून येतो. मलवाहिनी जमिनीखाली, झाकणाखाली असते. नाल्यात काळं पाणी वाहताना दिसतं कारण जिथे मलवाहिनी पोचलेलीच नाही तिथलं सांडपाणी नाल्यात सोडलेलं असतं. एकच घाण, दोन खाती. तक्रार चुकीच्या खात्यात गेली की ती तिथेच कुजते.

महापालिकेचा अर्थसंकल्प आयुक्त सहसा फेब्रुवारीत मांडतात. दुसऱ्या दिवशी पेपरात एकच आकडा ठळक छापून येतो: २०२४-२५ साठी ५९,९५४ कोटी, २०२५-२६ साठी ७४,४२७ कोटी. या आकड्याने डोळे दिपतात आणि वाचन तिथेच संपतं. खरं वाचायचं असतं ते आतल्या रकान्यांत. प्रत्येक बाबीसमोर पुढच्या वर्षाचा अंदाज असतो, चालू वर्षाचा सुधारित अंदाज असतो आणि मागच्या वर्षी प्रत्यक्षात किती खर्च झाला ते असतं. पहिला रकाना म्हणजे इच्छा. दुसऱ्यात वर्षाच्या मध्यावर केलेली कबुली सापडते. खरं काय घडलं ते फक्त तिसऱ्यात. एखाद्या मलवाहिनीसाठी एका वर्षी पहिल्या रकान्यात शंभर कोटी ठेवले, पुढच्या वर्षीच्या अर्थसंकल्पात दुसऱ्या रकान्यात ते चाळीस झाले आणि त्याच्या पुढच्या वर्षी तिसऱ्यात बावीस उरले, तर ती वाहिनी जमिनीत गेलेली नाही, एवढं त्यातून समजतं. बातमी मात्र शंभर कोटींची छापून झालेली असते.

रकान्यांइतकीच महत्त्वाची दुसरी फाळणी म्हणजे महसुली खर्च आणि भांडवली खर्च. घराच्या भाषेत सांगायचं तर महिन्याचं किराणा आणि लाइट बिल हा महसुली खर्च, नवा फ्रिज घेणं हा भांडवली. पुस्तकी वाटणारी ही फाळणी आमच्या गल्लीत मला चांगलीच भेटली.

आमच्या फाटकासमोरचा चेंबर दर पावसाळ्यात चोकअप व्हायचा. झाकणाच्या कडेने आधी फेस यायचा, मग पाणी, मग बाकी सगळं. शाळेत जाणारी पोरं विटांवर पाय ठेवून जायची. तक्रार केली की जेटिंगची, म्हणजे जोराच्या पाण्याने वाहिनी मोकळी करणारी गाडी यायची, तासभर घरघरायची, पाणी उतरायचं. पंधरा दिवसांनी पुन्हा तेच. माझी खात्री होती की कंत्राटदार गाडी नुसती उभी करून बिल काढतो. म्हणून माहितीच्या अधिकारात त्या कामाची देयकं आणि मोजमाप पुस्तकाच्या प्रती मागितल्या. कनिष्ठ अभियंता जागेवर जाऊन केलेल्या कामाची मोजणी लिहितो ते हे पुस्तक. सगळे त्याला एमबी म्हणतात, आणि एमबीत नोंद नसेल तर कंत्राटदाराला एक रुपया मिळत नाही. आमच्या गल्लीसमोर लिहिलं होतं: चेंबर ते चेंबर, ६२ मीटर. शेजारच्या सावंतकाकांना घेऊन मी टेप लावून मोजलं. ६२ मीटर. तारखाही जुळत होत्या, गाडी आली त्या दिवसांच्याच होत्या.

माझा संशय खोटा ठरला. मग चोकअप का? वाहिनी २३० मिलिमीटर व्यासाची, म्हणजे नऊ इंची. गल्लीत दुमजली चाळी होत्या तेव्हा टाकलेली. आज त्याच वाहिनीवर पुनर्विकासातल्या तीन उंच इमारतींचा मैला येतो. साफ करून तिची रुंदी वाढणार नव्हती. सफाईचे पैसे महसुली खात्यात, दरवर्षी थोडे थोडे, कुणाच्या डोळ्यांत न येणारे. वाहिनी बदलण्याचे पैसे भांडवली खात्यात, एकदम मोठे, त्यासाठी अंदाजपत्रक, मंजुरी, टेंडर, रस्ता खोदायची परवानगी. दोन्ही आकडे एका कागदावर शेजारी शेजारी कधीच आले नव्हते. आम्ही अर्ज केला त्यात मागच्या पाच वर्षांच्या सफाईची बेरीज आणि नव्या वाहिनीचा अंदाज एकाखाली एक लिहिला. त्यानंतर फाईल हलली.

आता महसुली बाजू जवळून बघू, कारण शहर रोज चालतं ते तिच्यावर. मुंबईची जमीन सपाट, बराच भाग भरणीचा, समुद्रसपाटीला लागून. मलवाहिनीला उतार लागतो. उतार देत गेलं की वाहिनी खोल खोल जाते, आणि एका मर्यादेनंतर मैला पंपाने वर उचलून पुढच्या वाहिनीत ढकलावा लागतो. त्यासाठी शहरभर उदंचन केंद्रं आहेत, आपल्या बोलण्यातली पंपिंग स्टेशनं. वरळीचं लव्हग्रोव्ह त्यातलं नावाजलेलं. वरळी आणि वांद्रे इथून समुद्राखालच्या बोगद्यांतून पाणी तीन किलोमीटरहून जास्त आत नेऊन सोडलं जातं. एवढं सगळं उचलायला वीज लागते. पुढे प्रक्रिया केंद्रात तर विजेची भूक आणखी वाढते, कारण मैला खाणाऱ्या जिवाणूंना रात्रंदिवस हवा पुरवावी लागते, आणि तिथले हवेचे ब्लोअर सगळ्यात जास्त वीज खातात.

म्हणून मलनिःसारण चालवणाऱ्या संस्थेने वर्षभरात कुणाकुणाला पैसे दिले याची यादी हातात घेतली, की वरच्या नावांत वीज कंपन्या असणं अगदी स्वाभाविक आहे. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदाणी इलेक्ट्रिसिटी आणि टाटा पॉवर, भांडुप-मुलुंडकडे महावितरण. या नावांपुढची मोठी रक्कम बघून बिचकायचं कारण नाही. तिथे दर वीज नियामक आयोगाने ठरवलेला असतो, टेंडरला वाव फारसा नसतो. तिथे विचारायचा प्रश्न वेगळा: दहा लाख लिटर मैल्यामागे किती युनिट जळली, आणि गेल्या वर्षीपेक्षा ती वाढली का? वाढली असतील तर पंप जुने झालेत, किंवा फुटक्या वाहिन्यांतून जमिनीतलं आणि पावसाचं पाणी आत शिरतंय आणि आपण तेही पैसे मोजून उचलतोय.

वीज सोडली की उरलेली यादी खऱ्या अर्थाने कंत्राटदारांची. जेटिंग आणि सक्शनच्या गाड्या, पंपांची दुरुस्ती, जाळ्यांवर अडकलेला कचरा उपसणं, गाळाची वाहतूक, रसायनं, सुरक्षा रक्षक, प्रयोगशाळेच्या चाचण्या, सल्लागार. प्रत्येकाची वाट साधारण सारखीच. खातं आपल्या दरसूचीवरून अंदाज काढतं, टेंडर निघतं, इच्छुक बयाणा रक्कम भरतात, आधी पात्रतेचं पाकीट उघडतं, पात्र ठरलेल्यांचंच दराचं पाकीट उघडतं, सगळ्यात कमी दरवाल्याला काम मिळतं. मग तो सुरक्षा ठेव भरतो, करार होतो, कार्यादेश निघतो, काम सुरू होतं, एमबीत नोंदी होतात, चालू देयकं निघतात. काम संपल्यावरही काही रक्कम दोषदायित्वाचा काळ, म्हणजे कामातले दोष कंत्राटदाराने स्वतःच्या खर्चाने दुरुस्त करायची मुदत, संपेपर्यंत अडकवून ठेवतात. महापालिकेच्या ठेवींची चर्चा नेहमी होते, २०२२ साली त्या ९० हजार कोटींच्या पुढे होत्या. त्यातला काही भाग असा कंत्राटदारांचा अडकलेला आणि कर्मचाऱ्यांच्या भविष्य निर्वाह निधीसारख्या देण्यांचा असतो. ती सगळी रक्कम शहराची मोकळी शिल्लक समजणं चूक.

या साखळीतली एक कडी निसटली की काय होतं, याचं उदाहरण सगळ्यांसमोर आहे. राज्य सरकारने नोव्हेंबर २०१९ ते ऑक्टोबर २०२२ या काळातल्या महापालिकेच्या कामांची तपासणी सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगकडे दिली. नऊ खात्यांतली सुमारे १२,०२३ कोटींची ७६ कामं, मलनिःसारण प्रकल्पही त्यात होते. मार्च २०२३ मध्ये अहवाल विधानसभेत आला. २१४ कोटींची २० कामं टेंडरशिवाय दिली गेली, हा मुद्दा बातम्यांत गाजला. मला त्याहून गंभीर वाटतो तो दुसरा: ४,७५५ कोटींच्या ६४ कामांत कंत्राटदाराशी करारच झालेला नव्हता. करार नाही म्हणजे काम बिघडलं, रेंगाळलं, सोडून दिलं, तर कोर्टात काय दाखवणार? आणि ३,३५५ कोटींच्या १३ कामांवर त्रयस्थ तपासनीसच नेमलेला नव्हता, म्हणजे कामाचा दर्जा सांगणारा बाहेरचा डोळाच नाही. टेंडर न काढण्याचा गुन्हा पटकन समजतो. करार न करण्याचा तोटा वर्षानुवर्षं हळूहळू झिरपत राहतो.

देयकांची यादी वाचताना मी काही खुणा शोधतो. एकाच कंत्राटदाराच्या नावावर एकाच महिन्यात, एकाच विभागात, मंजुरीच्या मर्यादेच्या जराशी खाली असलेली पाच-सहा कामं दिसली, तर एका मोठ्या कामाचे तुकडे पाडले असण्याची शक्यता असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये देयकांचा पूर आला, तर वर्षभर काम झालं की निधी परत जाऊ नये म्हणून शेवटी उरकलं, हे विचारावं. तातडीच्या नावाखाली दिलेलं काम दर पावसाळ्यात त्याच ठिकाणी येत असेल, तर ती तातडी कसली? जूनमध्ये पाऊस येणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. आणि अंदाजपत्रकापेक्षा खूपच कमी दराने घेतलेलं काम दिसलं, तर तिथे काम करणाऱ्या माणसांना काय मिळतं हे आवर्जून बघावं.

कारण कंत्राटात वाचवलेला पैसा अनेकदा त्या माणसांच्या अंगावरून वाचवलेला असतो. हाताने मैला साफ करायला लावणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. तरीही चेंबरमध्ये उतरून गुदमरून मेलेल्यांच्या बातम्या थांबलेल्या नाहीत, आणि त्यातले बहुतेक कंत्राटी मजूर असतात. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख केली. सफाईच्या कंत्राटात यंत्र, वायू तपासायचं उपकरण, विमा यांच्या ओळी वेगळ्या दाखवलेल्या आहेत का, आणि त्यांचे पैसे खरंच दिले गेले का, हे देयकांत दिसतं. मला तो आकडा सगळ्यात आधी बघावासा वाटतो.

उरला भांडवली खर्चाचा डोंगर. १९ जानेवारी २०२३ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते मुंबईतल्या सात मलजल प्रक्रिया केंद्रांचं भूमिपूजन झालं. वरळी रोज ५०० दशलक्ष लिटर, मालाड ४५४, धारावी ४१८, वांद्रे ३६०, घाटकोपर ३३७, भांडुप २१५, वर्सोवा १८०. मिळून २,४६४. सांगितलेला खर्च सुमारे १७,२०० कोटी. २०११ च्या जनगणनेतले मुंबईकर १ कोटी २४ लाख. माणशी जवळजवळ १४ हजार रुपये, साडेचार माणसांच्या घरामागे ६२ हजारांच्या वर. आपल्या ८० रुपयांनी हे फेडायचं म्हटलं तर पासष्ट वर्षं लागतील, आणि तेही त्यातला एक पैसा रोजच्या सफाईला न वापरता. म्हणूनच एवढी बांधकामं चालू आकारातून होत नाहीत. त्यामागे साठवलेला निधी आणि महापालिकेची बाकीची ताकद उभी करावी लागते.

खर्च एवढा का, याचं एक कारण पाण्याच्या दर्जात आहे. मैल्यातली घाण कुजताना पाण्यातला किती प्राणवायू खाते, त्या मोजमापाला बीओडी म्हणतात. २०१७ च्या केंद्रीय अधिसूचनेत महानगरांसाठी ही मर्यादा लिटरला २० मिलिग्रॅम होती, राष्ट्रीय हरित लवादाने २०१९ मध्ये ती १० वर आणायला सांगितलं. वीसवरून दहावर येणं म्हणजे मोठ्या टाक्या, जास्त हवा, जास्त वीज. खाडीसाठी, मासेमारी करणाऱ्या कोळीवाड्यांसाठी हा खर्च मला पूर्णपणे रास्त वाटतो. आजवर बरंचसं पाणी जेमतेम चाळून, नाहीतर तळ्यांत थोडं हवेशीर करून खाडीत आणि समुद्रात सोडत आलो, त्याची थकबाकी आहे ही.

पण बांधलं म्हणजे चाललं असं नसतं. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२०-२१ च्या आकडेवारीनुसार देशात रोज ७२,३६८ दशलक्ष लिटर सांडपाणी तयार होत होतं. बांधलेली क्षमता ३१,८४१ होती, आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती २०,२३५ वर. उभ्या केलेल्या क्षमतेतला तिसऱ्या हिश्शाहून मोठा भाग वापरातच नव्हता. वाहिनी केंद्रापर्यंत न पोचणं, विजेला पैसे नसणं, बिघडलेला पंप वेळेवर न बदलणं, ही त्यामागची नेहमीची कारणं, आणि तिन्हींचा इलाज महसुली खात्यात आहे. प्रक्रिया केलेलं पाणी विकून काही भार हलका करता येतो. नागपूरचं शुद्ध केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं आणि महापालिकेला त्याचे पैसे मिळतात.

मुंबईच्या या सात केंद्रांचं कंत्राट बांधून देण्यापुरतं नाही. ज्याने बांधायचं त्यानेच पुढे १५ वर्षं चालवायचं, अशी त्याची रचना आहे. याचा फायदा असा की स्वस्तातला पंप बसवून निघून जायची सोय राहत नाही, दुरुस्ती त्याच्याच गळ्यात येते. उलट बाजूने, १५ वर्षं दर महिन्याला त्याला पैसे द्यायची जबाबदारी शहरावर येते, आणि बाहेर पडणाऱ्या पाण्याचा बीओडी रोज कोण मोजतो, मर्यादा ओलांडली तर देयकातून किती कापतो, यावर सगळं अवलंबून राहतं. जे केंद्र पहिलं पूर्ण चालू होईल त्या वर्षापासून ‘ग’ अर्थसंकल्पाच्या महसुली बाजूला त्याच्या चालवण्याची ओळ येईल. त्या फेब्रुवारीत मी ठळक आकडा सोडून ती ओळ शोधणार आहे, आणि त्यानंतर दोन वर्षांनी तिचा तिसरा रकाना.